नानांनी काठी का सोडली

ही गोष्ट अख्खी अशी दोघांनाच माहीत आहे — मला आणि आमच्या कुत्र्याला. ढोल पथकातल्या मुलींना तिचा अर्धा भाग माहीत आहे, घरच्यांना उरलेला अर्धा. दोन्ही भाग जोडू शकणारी मी एकटी, आणि मी ते कधी जोडले नाहीत. कुत्र्याला बोलता येत नाही याचा मी आजवर पुरेपूर फायदा घेतला. आजच का सांगायला बसले, ते मला विचारू नका. सकाळपासून बसते आहे आणि उठते आहे — एकदा दूध उतू जाईल म्हणून, एकदा दारात कुणी आलंसं वाटलं म्हणून, एकदा उगाचच.

मी तशी वाईट बाई नाही — बघा, सुरुवातच सारवासारवीनं झाली. ते सोडा. मी घाईची बाई आहे, एवढंच म्हणते. कामं उरकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ऑफिसात माझं टेबल सगळ्यात आधी रिकामं होतं. गणपतीचे मोदक, दिवाळीची साफसफाई, मुलीची पुण्याला होस्टेलची व्यवस्था, सगळं मी हातासरशी केलं. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं. आता तुम्ही म्हणाल, याचा कुत्र्याशी काय संबंध? आहे. सांगते.

मुलगी पुण्याला गेली आणि घर खायला उठलं. घरात आम्ही तिघं राहिलो — मी, माझा नवरा सुनील आणि माझे सासरे नाना. नाना मूळचे निफाडकडचे, पण सगळी हयात पंचवटीत शिवणकामाच्या दुकानात गेली. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. त्यातून ते सावरले, पण डावा हात नीट उचलायचा नाही आणि डावा पाय ते थोडा ओढायचे. डॉक्टरांनी काठी दिली, आणि ती हातातून सोडायची नाही असं बजावून सांगितलं. घरभर त्या काठीची टकटक चालायची. मला ती टकटक कधी कधी नकोशी व्हायची, हेही आता सांगून टाकते.

माझी नणंद दिंडोरीला असते. तिच्या द्राक्षबागेत राखणीला कुत्री होती, तिला पिल्लं झाली. त्यातलं एक आम्ही आणलं. तांबूस अंग, पांढरे पंजे आणि कोटाच्या बटणासारखे काळे गोल डोळे. नानांनी बघितल्या बघितल्या त्याचं नाव बटण्या ठेवलं. मी एक इंग्रजी नाव शोधून ठेवलं होतं, ते कुणी विचारलंही नाही.

जनावरांच्या डॉक्टर बाईंनी त्याला पहिलं इंजेक्शन दिलं आणि मला समोर बसवून सगळं नीट समजावलं. इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत त्याला बाहेर जमिनीवर सोडायचं नाही, रस्त्यावरच्या कुत्र्यांपासून रोग लागतात. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवायचं नाही. कडेवर घ्यायचं आणि जग दाखवायचं — माणसं, मुलं, रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या. याच वयात जे ओळखीचं होतं त्याची पुढे भीती राहत नाही. पळवायचं नाही, जिने चढायला लावायचे नाहीत, हाडं कोवळी असतात. थोडं खेळायचं आणि झोपू द्यायचं. आवाज आधी लांबून ऐकवायचा, मग एकेक पाऊल जवळ. शेपूट पायात गेली की तिथून निघायचं, कौतुकानं सुद्धा थांबायचं नाही. "हळूहळू," बाई म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. म्हणजे मला कळलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

मला काय ऐकू आलं माहीत आहे? मला कामाची यादी ऐकू आली. आणि यादी दिसली की मी ती संपवते.

त्याच रविवारी मी बटण्याला ओढणीत गुंडाळलं आणि स्कूटरवरून निघाले. रिक्षा स्टँड झाला. भाजी बाजार झाला. देवळातली घंटा झाली. एका वाढदिवसाच्या घरी दहा-बारा पोरांच्या हातांतून तो फिरला. घरी आणला तेव्हा तो थरथरत होता आणि मग संध्याकाळपर्यंत मेल्यासारखा झोपला. मी सुनीलला सांगितलं, बघ, एका दिवसात निम्मं जग दाखवून आणलं. नाना मात्र त्याला रोज मांडीवर घेऊन खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसायचे. शाळेची बस यायची, भंगारवाला ओरडत जायचा, दोघं नुसते बघायचे. मला ते बघून हसू यायचं. रिकामटेकड्यांची जोडी, असं मी फोनवर नणंदेला म्हटल्याचं आठवतं.

आता पथकाबद्दल. गेली काही वर्षं मी ढोल वाजवते. आमचं बायकांचं पथक आहे. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने, ऑफिस सुटल्यावर, गंगापूर रोडकडच्या एका लॉन्सच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आमचा सराव असतो. लग्नसराई नसली की लॉन्सवाले जागा देतात. तुम्ही कधी पन्नास ढोल एकदम ऐकलेत का? लांबून नाही, मधे उभं राहून? छाती आतून वाजते. मला ते फार आवडतं. दिवसभर मान खाली घालून काम करणारी मी, तिथे मान वर करून उभी राहते.

तर — मी बटण्याला सरावाला नेलं.

हे एवढं मी नंतर एकदा सुनीलला सांगितलं होतं, की नेलं होतं, पण लांब, आमच्या कारपाशी ठेवलं होतं. ते खोटं होतं. मी त्याला आत नेलं. कारण सरळ होतं. आवाजाचं प्रकरण एका दमात मिटवायचं होतं. नाशिकचा कुत्रा आणि ढोलाला घाबरतो, हे कसं चालेल? ज्यानं हा आवाज पचवला त्याला पुढे फटाके काय आणि ढगांचा गडगडाट काय! माझ्या भावाला आमच्या वडिलांनी पोहायला शिकवलं ते पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलून. तो शिकला. आमच्याकडे भीड चेपायची रीत ही अशीच. मला ती रीत चांगली वाटायची — अर्थात मला कुणी विहिरीत ढकललं नव्हतं.

पण खरं कारण एवढंच होतं का? नाही. मला तो मिरवायचा होता. मुलींना फोटो दाखवला होता, आणि त्या मागे लागल्या होत्या, ताई आणा ना त्याला, ताई आणा ना. त्यात माझं वय सगळ्यात जास्त. वीस-बावीसच्या पोरींनी आपल्याभोवती गोळा व्हावं असं चाळिशी ओलांडलेल्या बाईला वाटतं, हे तुम्हाला सांगायला मला आत्ता लाज वाटते आहे, पण त्या लोभानं मी त्याला आत नेलं.

सराव सुरू व्हायचा होता. ढोल आडवे-उभे पडले होते. कुणीतरी चिमुकला फेटा बांधून आणला होता, भगव्या कापडाच्या पट्टीचा. तो त्याच्या डोक्यावर राहीना. मग एकीनं सुचवलं, याला ढोलावर बसवा, काय फोटो येईल! मी माझा ढोल उभा केला आणि त्याच्या पानावर, म्हणजे ज्या चामड्यावर वाजवतात त्यावर, बटण्याला ठेवलं. तो घसरत होता. पाय फाकवून कसाबसा बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. शेपूट कुठे होती? पायात होती. मी बघितली. मला बाईंचं वाक्य आठवलंही — आठवलं नाही असं मी कितीदा स्वतःला सांगून पाहिलं आहे, पण आठवलं होतं.

मुली म्हणाल्या, व्हिडिओ करूया, ताई वाजवा ना.

इथे मी पुन्हा उठले होते. पाणी पिऊन आले.

मी टिपरू उचललं — ढोल वाजवायची काठी, टोकाला वाकलेली — त्याच्या डोळ्यांसमोर वर नेलं, आणि तो बसला होता त्याच पानावर, त्याच्या पंजाच्या अगदी शेजारी हाणलं. हळू नाही. व्हिडिओत दिसायला हवं म्हणून जोरात. आणि मी हसत होते. त्याच्या अंगाखालचं कातडं गरजलं, तो उडाला, खाली काँक्रीटवर पडला आणि ओरडला. ते ओरडणं कुत्र्यासारखं नव्हतं. मुली आधी हसल्या, मग थांबल्या. मी सगळ्यात शेवटी थांबले. तो एका टेम्पोखाली घुसला, आणि मला पोटावर झोपून त्याला ओढून काढावं लागलं. त्याला धुवायला लागलं इतकी त्याची अवस्था झाली होती.

ज्या मुलीनं व्हिडिओ केला तिला मी तो तिथल्या तिथे पुसायला लावला. स्टेटसला लागायच्या आधी. म्हणजे काय झालं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, नाही का? गंमत वाटली असती तर मी तो मागून घेतला असता. त्याला कारमध्ये ठेवून मी परत आले आणि पूर्ण सराव वाजवला. हेही झालंच.

दुसऱ्या दिवसापासून बटण्या बदलला. लिफ्टचं दार वाजलं की मुतायचा. छत्री उघडली की पलंगाखाली. झाडू दिसला की पलंगाखाली. आणि नाना सकाळी काठी घेऊन खोलीतून बाहेर आले, की तो भिंतीला चिकटून, मान आत ओढून, दात दाखवत रडायचा. आदल्या दिवशीपर्यंत त्यांच्याच मांडीवर झोपणारा! नाना गोंधळले. "आरं मी हाय रं, मी हाय," म्हणत ते त्याच्याकडे वाकायचे, आणि वाकताना काठी पुढे यायची, आणि तो आणखी मागे सरायचा.

आम्ही दोघं त्याला डॉक्टर बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासलं आणि विचारलं, कशाला घाबरला आहे का? मोठा आवाज, मार, असं काही? सुनीलनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, नाही, असं काही नाही. बाई म्हणाल्या, काठीसारख्या वस्तूला जास्त घाबरतोय. तेव्हा सुनीलच म्हणाला, घरी वडिलांची काठी असते. दिवसभर नानाच त्याच्याजवळ असतात. चुकून लागली असेल, किंवा पायात पायात येतो म्हणून त्यांनी एखादी दिली असेल. आजकाल त्यांना पटकन राग येतो.

बाईंनी मला विचारलं, तसं असेल का?

मी म्हणाले, "असेल."

माझ्या तोंडून एवढंच निघालं. त्या क्षणी खरं बोलायला किती धाडस लागणार होतं? सुनील चिडला असता, बाईंनी दोन शब्द सुनावले असते, मी मान खाली घातली असती. संध्याकाळी जेवणं झाली असती. माझ्यासारख्या, चारचौघांत कधी चुकायचं नाही असं ठरवून बसलेल्या बाईला तेवढंही जमलं नाही.

सुनीलनं घरी येऊन नानांना सांगितलं. रागावून नाही, समजुतीनंच. नाना, त्याला काठीनं मारत जाऊ नका हो, लहान आहे तो. मी स्वयंपाकघरात होते. कणीक मळत होते. नाना पहिल्यांदा म्हणाले, "म्या नाय मारलं." मग हातातल्या काठीकडे बघत बसले. मग म्हणाले, "लागली असंल. ध्यान नाय ऱ्हात आता." मी कणीक मळत राहिले. नको तितकी मऊ झाली.

दुसऱ्या दिवशी नानांची काठी गॅलरीत, चपलांच्या कपाटामागे होती. ठेवा असं त्यांना कुणीच म्हटलं नव्हतं. ते भिंतीला हात लावून चालू लागले. सोफ्याची पाठ, मग फ्रीज, मग दाराची चौकट, असं धरत धरत बाथरूमपर्यंत. बटण्या आठवडाभरात पुन्हा त्यांच्या जवळ बसू लागला. पूर्वीसारखा मांडीवर नाही, थोडा लांब. नानांना तेवढंही पुरलं. काठी नसली की येतंय गं माझ्याजवळ, असं ते मला सांगायचे, खूश होऊन. मी म्हणायचे, हो ना.

तुम्हाला वाटेल, मी रोज तिळतिळ तुटत होते. तसं नव्हतं. मला सवय झाली. खरं सांगायचं तर टकटक थांबल्यामुळे घर शांत वाटायला लागलं होतं. आणि याहून वाईट म्हणजे मी ती गोष्ट रंगवायला लागले. पाहुणे आले, बटण्या छत्री बघून पळाला, की मी हसून सांगायचे — आमच्या नानांच्या काठीचा प्रसाद आहे तो! नाना तिथेच बसलेले असायचे. तेही हसायचे. एकदा नणंद आली होती, तिनं त्यांना चांगलंच झापलं. मुक्या जनावरावर हात उचलता, नाना? मी तिला चहा देऊन विषय बदलला.

सुनील दोन-तीनदा म्हणाला, नानांनी काठी घेतली पाहिजे. मीही म्हणाले, घ्या ना नाना. वरवर म्हणाले. त्यांनी मान हलवली. "लय भेतं गं ते." मी पुढे आग्रह केला नाही. कुठून करणार होते? काठी घ्या, तुमच्या काठीत काही वाईट नाही, असं ठासून म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग त्यानं धास्ती कशाची घेतली आहे?

थंडीत ते पडले. आपल्या नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे, पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. नाना पायमोजे घालून बाथरूमकडे निघाले होते. फ्रीजपासून चौकटीपर्यंत धरायला काही नाही, तिथे घसरले. मला आवाज आला. माझ्याआधी बटण्या तिथे पोचला होता आणि भुंकत होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण नाना पुन्हा उभे राहिले नाहीत. डॉक्टरांनी सुनीलला विचारलं, यांना काठी दिली नव्हती का? सुनील म्हणाला, दिली होती, वापरत नव्हते. डॉक्टर म्हणाले, म्हातारी माणसं हट्टी असतात. मी शेजारी उभी होते, हातात त्यांच्या कपड्यांची पिशवी घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी सांगायचं. हो. तेव्हा तरी. पण आता ते आधीपेक्षा मोठं झालं होतं. आधी नुसतं कुत्र्याचं होतं, आता नानांचं झालं. लहान असताना जे बोलता आलं नाही ते मोठं झाल्यावर कुठून बोलणार? मी त्यांची सेवा केली, सगळं केलं, बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. मी ते ऐकून घेतलं.

आणि अजून एक राहिलं. ते सांगितलं नाही तर इतका वेळ बोलले ते फुकट.

उन्हाळ्यातली दुपार होती. कूलर लावला होता. मी नानांचा चहा घेऊन त्यांच्या खोलीकडे गेले, तर आत ते कुणाशी तरी बोलत होते. मी दारातच थांबले. बटण्या पलंगापासून थोडा लांब, फरशीवर पसरला होता. आता तो चांगला मोठा झाला होता. नाना कुशीवर वळले होते, उजवा हात पलंगाबाहेर काढून, त्याच्याकडे बघत होते. आधी मला वाटलं, नेहमीसारखे लाड चालले आहेत. मग ऐकू आलं.

"मला तर काय आठवत नाय बाबा," ते म्हणत होते. "पर सगळी म्हंतात तर मारलं असंल. इतक्याशा जिवाला म्या मारलं. माफी कर मला."

आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. कुत्र्याला. डावा हात नीट वर येत नव्हता, तो त्यांनी उजव्यानं उचलून जोडला.

मी आत गेले. कप त्यांच्या उशाशी ठेवला. ते दचकले, हात सोडले, आणि लहान मुलासारखे माझ्याकडे बघत राहिले, की हिनं ऐकलं की काय. मी म्हणाले, "नाना, चहा घ्या, गार होतोय."

नाना दिवाळीनंतर गेले. मधे पुष्कळ दिवस होते.